गाढवाचे हेराटी

कारोबेगमध्ये आजवर एकही वाईट माणूस मेलेला नाही. तसं फेस्टी हेराटीने छापूनच ठेवलंय. तालुक्याच्या साप्ताहिकात दर बुधवारी 'कारोबेग वार्ता' नावाचा जो रकाना येतो, तो गेली तीसेक वर्षं फेस्टी लिहितो, आणि त्यातली प्रत्येक मयत 'कष्टाळू, मनमिळाऊ आणि सर्वांच्या आदरास पात्र' असते. पिऊन आल्यावर बायकोला अंगणात उभं करणारा 'गोष्टीवेल्हाळ'. शेजाऱ्याचं कुंपण दर हिवाळ्यात हातभर सरकवणारा 'शेतीनिष्ठ'. जन्मात कुणाला चहा न विचारलेली म्हातारी 'एकांतप्रिय'. गावाला ही भाषा वाचता येते, त्यामुळे कुणी फसत नाही. फसतो एकटा फेस्टी. त्याला वाटतं, आपण इतिहास लिहितोय.

निवृत्त होण्याआधी तो गुरांच्या बाजारात होता. विकायला आलेल्या जनावराच्या पुठ्ठ्यावर डिंक फासायचा आणि नंबराचा कागद चिकटवायचा, एवढंच काम. "फेस्टीने धंदा बदललाच नाही," एंडा किलकॉइन म्हणतो. "आधी बैलांना चिकटवायचा, आता मढ्यांना चिकटवतो." एंडाच्या या बोलण्याला वजन आहे, कारण गावचा पब त्याचा, पबच्या पुढच्या भागातलं वाणसामानाचं दुकान त्याचं आणि मागच्या अंगणात उभी असलेली काळी शववाहिका पण त्याचीच. कारोबेगचा माणूस पहिलं दूध, शेवटची दारू आणि त्यानंतरची पेटी एकाच घरातून घेतो.

फेस्टी मात्र पबमध्ये शिरतो तो मंत्री आल्यासारखा. कोटाच्या वरच्या खिशात दोन पेनं, एक चालणारं आणि एक दाखवायचं. बोलताना 'आम्ही पत्रकार मंडळी' म्हणतो. ही मंडळी कोण, हे कुणी विचारलेलं नाही. साप्ताहिकाच्या कचेरीत तो एकदा गेला होता, तेव्हा तिथल्या मुलीने त्याला नळ दुरुस्त करणारा समजून मागच्या दाराने घेतलं. ही गोष्ट त्याने वार्तेत लिहिलेली नाही.

आता नावाचं सांगायला हवं, कारण सगळं त्या नावातच आहे.

मेयो परगण्याच्या या कोपऱ्यात अर्धं गाव हेराटी आहे. नुसतं हेराटी म्हटलं तर मोहोळ उठल्यासारखे सगळीकडून लोक वळतील. म्हणून घराघराला खूण आहे. टेकडीचे हेराटी, लोहाराचे हेराटी, अमेरिकेचे हेराटी. या अमेरिकेच्या हेराट्यांचा आजोबा बॉस्टनला जाऊन वर्षाच्या आत घरची आठवण येते म्हणून परत आला, तरी चार पिढ्या ते अमेरिकेचेच. आणि फेस्टीचं घर म्हणजे गाढवाचे हेराटी. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण पोस्टमनने विचारलं की "हे कुठल्या हेराटीचं?", तर समोरचा माणूस हातांनी डोक्यावर दोन कान करून दाखवतो आणि पत्र बरोबर पोचतं.

फेस्टीचा पणजोबा मथायस. त्या काळी जमीनदाराच्या कारभाऱ्याने शिपाई आणून रूएन कुटुंबाला थकलेल्या खंडापायी घराबाहेर काढलं, छप्पर ओढून पाडलं. गावोगावचा तेव्हाचा नियम साधा होता: बेदखल झालेल्याची जमीन पडून राहील, गवत वाढेल, काटे वाढतील, पण दुसरा कुणी ती घेणार नाही. मथायसने घेतली. रूएनांच्या चुलीतली राख थंड व्हायच्या आत नदीकाठच्या त्या शेतात त्याची मेंढरं चरत होती. मग गावाने त्याच्यापुरतं तोंड मिटलं. लोहार त्याच्या घोड्याला नाल मारीना, दुकानदार मीठ देईना, देवळात त्याच्या बाकावर कुणी बसेना. तो तसाच जगला, हट्टाने, बरीच वर्षं. आणि मेला तेव्हा खांदा द्यायला गावातून एकही माणूस आला नाही. दोन मुलगे होते, दोघांनी पेटी कशी उचलायची? शेवटी गाढवाच्या गाडीत घातली. ते गाढव रूएनांच्या पडक्या घरापाशी, भिंतीच्या खिंडाराजवळ येऊन थांबलं ते थांबलंच. मारून, ओढून, शिव्या घालून हलेना. मुलांनी बापाची पेटी रस्त्यावर उतरवली आणि तिथून देवळापर्यंत ओढत नेली, म्हणतात. त्या दिवसापासून ते गाढवाचे हेराटी.

गाव अगदीच निष्ठुर आहे असं नाही. पुढच्या पिढ्यांच्या मयतीला लोक गेले. रांगेत उभे राहून घरच्यांचे हात हातात घेऊन जे एकच वाक्य आमच्याकडे म्हणायचं असतं, "आम्ही तुझ्या दुःखात आहोत," तेही म्हणाले. फेस्टीच्या बापाला खांदाही दिला. पण आपल्या मयताला गाढवाच्या हेराट्यांचा खांदा लागू द्यायचा नाही, हे कुणी न सांगता पाळलं गेलं. देवळातून दफनभूमीपर्यंत पेटी नेताना वाटेत खांदे बदलतात. एंडा गर्दीतून फिरत, ज्याला बोलवायचं त्याच्या पाठीवर बोट टेकवत जातो: तू, तू आणि तू. फेस्टीजवळ आला की बोट हवेत क्षणभर थांबतं आणि एंडा गोड आवाजात म्हणतो, "फेस्टी, तू नावं लिहून घे."

आणि फेस्टी लिहून घेतो. कोणी कुठपर्यंत खांदा दिला, बिनचूक. सगळ्या गावाचे खांदे त्याने छापलेत, आपला सोडून.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी गाव सोडून गेला असता. फेस्टीने रकाना हातात घेतला. त्याने ठरवलं, गाढव धुवून काढायचं. एकदम नाही, हळूहळू. आधी एका बुधवारी नुसतं आलं: 'पूर्वी गावात मथायस हेराटी यांचे गाढव प्रसिद्ध होते.' काही वर्षांनी: 'बटाट्याचे पीक बुडाले त्या साली मथायस हेराटी यांनी गाढवावरून पीठ आणून गरिबांना वाटले, असे जुनेजाणते सांगतात.' जुनेजाणते म्हणजे फेस्टी. पुढे शाळेची पन्नाशी झाली तेव्हाच्या पुस्तिकेत: 'वार्तेत नमूद असल्याप्रमाणे.' म्हणजे पुन्हा फेस्टी. मग वृद्धाश्रमातल्या एका बाईने रेडिओवर तीच गोष्ट सांगितली. ती तिने वार्तेत वाचली होती. अशा रीतीने त्या गाढवाने थोबाड बदललं, आणि गाव गप्प बसून पाहत राहिलं. कुत्रा आपल्याच शेपटीमागे धावत असला की माणूस त्याला अडवत नाही.

त्यात डॉ. सोरका डिलेन आली.

विद्यापीठातली बाई, तिशीची, गळ्यात जाड लोकरीचा मफलर, पायात चिखलासाठीचे बूट ज्यांना कधी चिखल लागला नव्हता. लोकांच्या तोंडची गोष्ट वर्तमानपत्रात जाते, वर्तमानपत्रातली पुन्हा लोकांच्या तोंडी येते, तर ती वाटेत कशी बदलते, यावर तिचं संशोधन होतं. सरकारने त्यासाठी अनुदान दिलं होतं. हे काम एंडाच्या पबमध्ये संध्याकाळी बसणारी माणसं फुकटात करतात, ते असो. तिने बारवर चिमुकलं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं आणि आल्याचा चहा मागितला. एंडाने आलं या शब्दाचा जरा विचार केला आणि साधा चहा दिला.

"या गावाची सामूहिक स्मृती मला हवी आहे," सोरका म्हणाली.

"ती संपली," कोपऱ्यातून कुणी तरी म्हणालं. "गुरुवारी नवी येते."

"गाढवाची गोष्ट मला तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडलीय," ती नेटाने पुढे म्हणाली. "पीठ वाटणारा मथायस हेराटी. तुमच्यापैकी कुणी ऐकलंय?"

पबमध्ये अशी शांतता पसरली, जशी देवळात पाद्रीबाबालाही मिळत नाही. बाहेरच्या माणसाला गावातलं सांगणं, हा आमच्याकडे जमीन लाटण्याहून मोठा गुन्हा. शिवाय इतकी वर्षं फुकट चाललेला तमाशा कोण बंद पाडणार?

"गाढव?" एंडाने ग्लास पुसत विचारलं. "ऐकलंय तर. त्याच्याबद्दल फेस्टीला विचारा हो. ते त्यांच्या घरातलंच."

फेस्टी बाजूलाच होता, दाखवायचं पेन बाहेर काढून. त्याने तिला सगळं सांगितलं. बर्फ, उपाशी पोरं, रात्रीच्या अंधारात दारोदार ठेवलेली पिठाची पोती. गाढवाला त्याने नावसुद्धा दिलं, ब्रायन. गुरांच्या बाजारात अर्धं आयुष्य गेलं तरी गाढवाला किती ओझं झेपतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने एका खेपेत एवढं पीठ आणवलं की रेल्वे लागली असती. सोरकाचे डोळे पाणावले. पबमधली माणसं ग्लासात तोंड खुपसून बसली होती, कारण हसू ऐकू आलं तर तमाशा मोडेल.

"एवढं सुंदर," सोरका म्हणाली. "मला फक्त दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून पुष्टी हवी. ज्यांना पीठ मिळालं अशा घरातलं कुणी आहे?"

"रूएन," एंडा म्हणाला, ग्लासाकडेच बघत. "डीलिया रूएन. गाढव त्यांच्याच दारापाशी थांबलं होतं. हो ना रे, फेस्टी?"

फेस्टीने दाखवायचं पेन पुन्हा खिशात ठेवलं.

घरी त्याची बहीण कन्सेप्टा बटाटे सोलत होती. दोघंही बिनलग्नाची, एकाच छताखाली साठी ओलांडलेली. तिने सगळं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली नाही.

"पोरं विसरायला लागली होती, फेस्टी. त्यांना वाटायचं, आपल्याकडे कधी तरी गाढवं पाळत असतील. आणखी दहा वर्षं गप्प बसला असतास तर आपण नदीकाठचे हेराटी झालो असतो."

"ते पुस्तकात येणार आहे, कन्सेप्टा! विद्यापीठाच्या पुस्तकात! एकदा पुस्तकात आलं की..."

"की एंडा तुझ्या पाठीला बोट लावेल?"

फेस्टीला खरं तर पुस्तक नको होतं, पणजोबा तर नकोच होता. त्याला तेवढंच हवं होतं: एंडाचं बोट. आणि ते कुणाच्या हातात आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. डीलिया रूएन एक वाक्य बोलली असती आणि सोरकाच्या यंत्रात एकदा खरं उतरलं असतं, तर गाढव कायमचं छापलं गेलं असतं.

"आणि डीलियाने सांगितलं तर?" कन्सेप्टाने विचारलं.

"ती म्हातारी आहे. विसरली असेल."

"ती रोज सकाळी खिडकीतून ते शेत बघते," कन्सेप्टा म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

डीलिया रूएनचं घर रस्त्याच्या पलीकडे, फेस्टीच्या घरासमोर. फेस्टीचं घर रूएनांच्या शेतात. नव्वदीकडे झुकलेली बाई, पण जीभ अजून शिकाऊ सुताराच्या पटाशीसारखी, कुठे लागेल सांगता येत नाही. तिने सोरकासाठी सोडा घालून घरी भाजलेला पाव कापला, लोणी जाड लावलं, आणि फेस्टीला पातळ. फेस्टी खुर्चीच्या कडेवर बसला होता. नको म्हटलं तरी तो सोबत आला होता, 'स्थानिक पत्रकार म्हणून'.

"डीलिया, गाढवाबद्दल तुमच्या घरात काय सांगत?" सोरकाने यंत्र चालू केलं.

डीलियाने फेस्टीकडे पाहिलं. फेस्टीने पावाकडे पाहिलं.

"माझे आजोबा म्हणायचे," डीलिया सावकाश म्हणाली, "हेराट्यांच्या त्या घरात लाज असलेला एकच प्राणी होता, आणि त्याला चार पाय होते."

सोरकाने मान हलवली, तिला ते फार काव्यमय वाटलं.

"म्हणजे गाढव तुमच्या दारापाशी थांबलं होतं?"

"थांबलं होतं. ते अगदी खरं. आमच्या घराच्या पडक्या भिंतीपाशी. पुढे जायला त्याचं मन होईना."

"आणि गाडीत काय होतं?"

चुलीतला दलदलीतल्या मातीचा, शेणकुटासारखा वाळका पीटचा तुकडा कोसळला, ठिणग्या उडाल्या. फेस्टीच्या मानेवरून घाम कॉलरमध्ये उतरला. डीलियाने त्याला तेवढा वेळ शिजू दिलं, जेवढा वेळ हॅमला लागतो.

"ओझं होतं," ती म्हणाली. "कसलं ते फेस्टी सांगेल. त्याच्या घरचं ओझं, मी कशाला उघडू? काय होतं रे, फेस्टी?"

"पीठ," फेस्टी म्हणाला. उंदराचा आवाज याहून बरा.

"पीठ तर पीठ," डीलिया म्हणाली. "आणखी लोणी घेतेस का गं बाई?"

निघताना डीलियाने सोरकाचा हात धरून ठेवला. "पुस्तक कोण वाचतं, सोरका? अशा गाढवाची आठवण दगडात हवी. रस्त्याच्या कडेला, जिथे थांबलं तिथेच. आणि दगडावर माणूस नको. माणसांचे चेहरे कोण ओळखतो? गाढव कोरून घे. गाढव सगळ्यांना कळतं."

फेस्टी रस्ता ओलांडून घरी गेला तो हवेतून. डीलिया रूएनने, खुद्द रूएनने, दगड मागितला होता! त्याने त्या बुधवारी वार्तेत 'ऐतिहासिक सलोखा' असा मथळा दिला. कन्सेप्टाने तो वाचला आणि म्हणाली, "तुला काही कळलंय का रे?" तिने विचारलं ते बरं केलं, कारण दुसरं कुणी विचारणार नव्हतं.

आणि मग गावाने जो उत्साह दाखवला! शाळेच्या छपरासाठी वर्गणी मागितली की खिशात हात घालताना ज्यांना सांधेदुखी होते, ती माणसं आपणहून एंडाच्या दुकानात येऊन पैसे ठेवून जाऊ लागली. टेकडीचे हेराटी आले, लोहाराचे आले. अमेरिकेच्या हेराट्यांनी तर बॉस्टनच्या नातेवाइकांकडून मागवले. "गाढव मोठं करा," येणारा प्रत्येक जण सांगायचा. "कान लांब करा. लांबून दिसलं पाहिजे." फेस्टी प्रत्येकाचे आभार मानायचा. त्याला वाटायचं, एवढं प्रेम गावात दडलं होतं, आपल्यालाच दिसलं नाही. दगड कोरणाऱ्याने दगड तयार केला तेव्हा गाढवाने तो इतका व्यापला होता की मथायसचं नाव शेपटीखाली बसवावं लागलं. ते तिथेच शोभलं, असं एंडाचं मत पडलं.

उद्घाटनाचा रविवार आला. प्रार्थना संपल्यावर सगळं गाव रस्त्याने खाली आलं, रविवारच्या कोटांत, खिंडाराजवळ जमलं. सोरका यंत्र घेऊन उभी. डीलियाला खुर्चीत बसवून आणलं होतं. दगड ट्रेलरवर होता, पण खिंडारापाशी जमीन भुसभुशीत, ट्रेलर रुतणार. रस्त्यावरून उतरून दगड हाताने न्यायला हवा होता, फळीवर ठेवून, चौघांच्या खांद्यावर.

फेस्टीने चालणारं पेन काढलं. भाषणाचा कागदही त्याच्याकडे होता, पण आधी खांदेकऱ्यांची नावं लिहून घ्यायची होती. सवय.

एंडा नेहमीसारखा गर्दीतून फिरला. लोहाराच्या हेराट्याच्या पाठीवर बोट: तू. टेकडीचा हेराटी: तू. स्वतःची छाती: मी. मग तो फेस्टीपाशी आला. बोट हवेत थांबलं. एंडाने डीलियाकडे पाहिलं. डीलिया शेताकडे बघत होती, जिथे फेस्टीची मेंढरं चरत होती, तिच्या आजोबाच्या गवतात. तिने तिकडे बराच वेळ बघितलं. मग मान एकदा हलवली, इतकी बारीक की तिची शाल सरकली एवढंच वाटावं.

"फेस्टी," एंडा म्हणाला, "पेन ठेव खिशात. इकडे ये."

त्याचं बोट फेस्टीच्या पाठीला लागलं.

आणि तेव्हा, फळीचं टोक खांद्यावर येऊन बसलं तेव्हा, फेस्टीला सगळं कळलं. त्याने गर्दीकडे पाहिलं. सगळं गाव हसत होतं. मोठ्याने नाही, आमच्याकडे मयतीत मोठ्याने हसत नाहीत. ओठ मिटून, डोळ्यांनी, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे. ते गाढव कुठलं, ते इथे का थांबलं होतं, त्याच्या गाडीत काय होतं, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं आणि आता ते दगडात राहणार होतं, त्याच्याच दारासमोर, त्याच्याच वार्तेच्या आधाराने, लांब कानांसकट. त्याने गाढव पुसायला घेतलं होतं. गावाने ते कोरून दिलं. वर्गणी काढून दिलं. आणि आता त्याच्या खांद्यावर ठेवलं.

दगड जड होता. फेस्टी एका बाजूला कलंडला, सरळ झाला. खाली टाकून पळून गेला असता तर गावाला आणखी शंभर वर्षं पुरेल एवढी गोष्ट मिळाली असती. तो पळाला नाही. तेवढं एक त्याच्या खात्यावर धरायला हवं. भुसभुशीत जमिनीत बूट रुतत होते, चौघं पावलाला पाऊल मिळवत खिंडारापर्यंत गेले आणि त्यांनी दगड भिंतीला टेकवला.

भाषण झालं नाही. फेस्टीने कागद खिशातून काढलाच नाही. तो दगडाशेजारी नुसता उभा राहिला, कोटावर चिखल, खांद्यावर फळीचा ओला डाग. आणि मग टेकडीचा हेराटी, जो गावातला सगळ्यात मोठा टवाळ आहे, हसू दाबत पुढे आला, त्याने फेस्टीचा हात हातात घेतला आणि मयतीच्या रांगेत म्हणतात तसं तोंड करून म्हणाला, "वाईट झालं रे, फेस्टी. आम्ही तुझ्या दुःखात आहोत."

थट्टा होती ती. निखळ थट्टा. पण त्याच्यामागे लोहाराचा हेराटी उभा राहिला, त्याच्यामागे अमेरिकेचे, आणि बघता बघता रांग लागली. आमच्याकडे रांग लागली की माणसं तिच्यात उभी राहतात, कशासाठी ते नंतर बघतात. "आम्ही तुझ्या दुःखात आहोत, फेस्टी." "तुझ्या दुःखात आहोत." पहिल्या दहा जणांच्या ओठांवर हसू होतं. पुढे पुढे ते वाक्यच तोंडात बसलं आणि हसायचं राहून गेलं, कारण ते वाक्य हसत म्हणायची कुणाला सवयच नाही. मथायस हेराटीला गाडून शंभरावर वर्षं झाली होती. त्याची मयत त्या दिवशी झाली. कन्सेप्टासुद्धा येऊन भावाच्या शेजारी उभी राहिली, घरच्यांनी उभं राहायचं असतं तिथे, आणि लोकांचे हात हातात घेत गेली.

शेवटी डीलियाची खुर्ची आणली. तिने ते वाक्य म्हटलं नाही. तिने हात पुढे करून दगडातल्या गाढवाच्या कानावर बोट फिरवलं.

"गाढव पुढे चाललं म्हणायचं एकदाचं," ती म्हणाली. "शेत चांगलं ठेवलंयस, फेस्टी. ते माझं असतं तर मीही असंच ठेवलं असतं."

तिने खुर्ची वळवायला सांगितली.

"लोक हसत का होते?" सोरकाने वाटेत तिला विचारलं.

"ऊन पडलं होतं ना," डीलिया म्हणाली. "आम्हाला सवय नाही."

सगळे एंडाकडे गेले आणि मयतीनंतर खातात तशी हॅमची सँडविचेस खाल्ली. फेस्टीसमोर कुणी तरी काळ्या बिअरचा ग्लास ठेवला. कुणी ठेवला ते कळलं नाही. फेस्टीने नाव लिहून घेतलं नाही.

बुधवारी वार्ता आली. मथळा नव्हता, सलोखा नव्हता, जुनेजाणते नव्हते. पीठ तर नव्हतंच; ते आता सोरकाच्या पुस्तकात आहे, तळटिपांसकट, आणि तिथे ते सुखाने राहो. फेस्टीने चारच ओळी लिहिल्या होत्या. दगड बसवला, लोक जमले, ऊन होतं. आणि शेवटी: 'खांदा देणारे: एंडा किलकॉइन, मार्टिन हेराटी (लोहाराचे), पॅडी हेराटी (टेकडीचे), फेस्टस हेराटी (गाढवाचे).'

सोरकाने लगेच फोन केला. तो कन्सेप्टाने घेतला.

"शेवटच्या नावापुढे कंसात काही तरी छापलंय," सोरका म्हणाली. "ते काय आहे? माझ्या टिपणांसाठी हवंय."

"ते होय," कन्सेप्टा म्हणाली. "पत्ता आहे आमचा."